एनेलची जिरली की नाही? (वन पीस, स्कायपिया)

पानपलट्या | शनिवार, रात्री ९:४०

इशारा: खाली स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. स्कायपिया (ढगांवरच्या बेटाचा भाग) वाचलं नसेल तर इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या घालू नका.

एइचिरो ओदाचं 'वन पीस', म्हणजे समुद्री चाच्यांची चित्रकथा, १९९७पासून जपानच्या साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये चालू आहे आणि त्यात माजोरड्या खलनायकांची अजिबात टंचाई नाही. आर्लाँगला मत्स्यमानव असल्याचा माज, डोफ्लामिंगोला जन्माचा, क्रोकोडाइलला अनुभवाचा. पण एनेल ह्या सगळ्यांच्या वरचा, अक्षरशः वरचा. दहा हजार मीटर उंचीवर ढगांच्या समुद्रात राहतो, देव म्हणून मिरवतो, लोळत लोळत सफरचंद खातो, बाजूला बायका वारा घालतायत, आणि बेटावर कोण कुठे काय पुटपुटलं ते बसल्या जागी ऐकतो. ऐकलेलं पटलं नाही की वरून वीज. विषय संपला.

आता मुद्दा. एनेल सगळ्यांना ज्या चित्रामुळे माहीत आहे ते प्रकरण २७९च्या सुमाराचं. गोष्टीचा नायक लुफी, त्याच्यावर वीज सोडतो, काही होत नाही. आणखी मोठी सोडतो, तरी काही नाही. लुफी रबराचा आहे आणि स्वर्गात रबर नावाची वस्तू कोणी बघितलेलीच नाही. मग ते प्रसिद्ध तोंड: डोळे खोबणीबाहेर, जबडा छातीपर्यंत, इतका वेळ अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी जगाकडे बघणारा माणूस एकदम कार्टून होतो. सगळे म्हणतात, इथे त्याची जिरली.

पुन्हा वाचताना मला तसं वाटेना. ते पान उलटलं की गडी सावरतो. वीज चालत नाही ना? मग हातातला सोन्याचा दंड तापवून त्याचा त्रिशूळ करतो, कारण रबराला चटका बसतोच. लुफीच्या मनातलं आधीच ओळखून ठोसे चुकवतो. शेवटी सोनं वितळवून लुफीच्या हाताभोवती हा एवढा गोळा थापतो आणि त्याला आपल्या उडत्या जहाजावरून खाली लोटतो. ज्याची जिरलीय तो असं वागतो का?

आणि शेवटी? हरतो, पण ना तुरुंग, ना मरण, ना माफी. मोडकं जहाज घेऊन सरळ चंद्रावर. त्याला तिथेच तर जायचं होतं! मला हा शेवट भयंकर आवडला. तुमचं काय?

---

खारीक | शनिवार, रात्री १०:०५

जिरली नाही कारण जिरवणाऱ्याने काही केलंच नाही. वाळूचा होणाऱ्या क्रोकोडाइलशी लुफी दोनदा हरला, मरता मरता वाचला, पाणी लागलं की वाळू पकडता येते हे स्वतः शोधून काढलं आणि तिसऱ्या खेपेला जिंकला. एनेलच्या बाबतीत काय? लहानपणी अंग रबराचं करणारं फळ खाल्लं होतं, संपलं. इतका तगडा खलनायक उभा करायचा, लुफीचे साथीदार झोरो नि रॉबिन, तिथला योद्धा वायपर, सगळ्यांना एकेका फटक्यात आडवं करायचं, आणि मग नायकाकडे आपसूक उतारा निघतो. परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तसं. मला हा फुकटचा विजय वाटतो.

---

वीजमीटर | शनिवार, रात्री १०:३२

हा प्रतिसाद धाग्याच्या मुद्द्याशी अर्धाच जोडलेला आहे, पण माझी रोजीरोटीच विजेवर आहे म्हणून राहवत नाही.

एनेलचे आकडे ओदाने दिलेत. शेवटी तो स्वतःच विजेचा राक्षस होऊन उभा राहतो तेव्हा वीस कोटी व्होल्ट. आता रबर साधारण एका मिलिमीटरला वीस हजार व्होल्ट सोसतं असं धरा (प्रतीनुसार कमीजास्त होतं). वीस कोटी भागिले वीस हजार म्हणजे दहा हजार मिलिमीटर. म्हणजे दहा मीटर जाडीचं रबर लागेल! लुफी एवढा जाडा फक्त जेवल्यावर असतो.

आमच्या लाइनमनचे जे सर्वांत जाड रबरी हातमोजे असतात तेसुद्धा छत्तीस हजार व्होल्टपर्यंतच वापरायचे, आणि तेही तपासणीची तारीख उलटली नसेल तर. त्यामुळे एनेल बिचारा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, लुफीचा कोळसा व्हायला हवा होता. त्या तोंडामागची व्यथा मी समजू शकतो.

हे हसण्यावारी, पण एक गोष्ट गंभीरपणे: गाडीत आपण विजेपासून वाचतो ते टायरमुळे नव्हे, धातूच्या टपामुळे. वीज बाहेरच्या बाजूने जमिनीत उतरते. आणि रबरी चपला घालून वळवाच्या पावसात झाडाखाली उभं राहू नका. दरवर्षी मराठवाडा-विदर्भात शेतात माणसं जातात. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. गावाकडच्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.

---

पानपलट्या | शनिवार, रात्री १०:४१

वीजमीटर, _/\_ . ॲपची माहिती ह्या धाग्यावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण राहू दे, उपयोगाची आहे.

खारीक, वीज लागत नाही हे कळल्यानंतरही लुफीला जिंकायला आणखी वीसेक प्रकरणं लागली. फुकट असतं तर तिथेच संपलं असतं.

---

निळी_शाई | शनिवार, रात्री ११:१५

तुम्ही सगळे त्या एका तोंडावर अडकलायत म्हणून लिहितेय.

एनेल वाईट का आहे? वीज टाकतो म्हणून? वीज टाकणारे पुष्कळ आहेत. मला तो घाणेरडा वाटला तो कोनिसच्या प्रसंगात. ही मुलगी लुफीच्या टोळीला घरी नेते, खाऊपिऊ घालते, वाट दाखवते, आणि शेवटी होडीपाशी उभी राहून रडत सांगते की मी तुम्हाला मुद्दाम इथवर आणलं. तिथला नियमच तसा. बेटावर कोणी 'गुन्हेगार' आला की त्याला देवाच्या शिक्षेच्या दारापर्यंत पोचवायचं काम रहिवाशांनीच करायचं. नाही केलं तर तुमच्या डोक्यावर वीज. केलं तर जन्मभर मनाला टोचणी. गान फॉल म्हातारा (एनेलच्या आधीचा तिथला देव) हे नीट समजावून सांगतो: एनेलने लोकांना अपराधी वाटायला लावून मेंढरं केलंय.

मग ती खरं बोलते आणि त्याच क्षणी वरून 'एल थोर' येतो. एवढासा कबुलीजबाब, आणि विजेचा खांब. गान फॉल वेळेवर झडप घालतो म्हणून वाचते.

एक बारकावा बघा. ह्या पूर्ण प्रसंगात एनेल चित्रात जवळपास नसतोच. लोकच एकमेकांकडे चोरून बघतात, मान खाली घालतात, दारं लावून घेतात. माज नुसता हसण्या-बोलण्यातून दाखवणं सोपं आहे (याहाहाहा, झालं). गैरहजर माणसाचा माज दुसऱ्यांच्या मानेच्या वाकण्यातून दाखवणं, ह्याला ओदा लागतो.

तेव्हा जिरली का नाही हा प्रश्न मी कोनिसच्या बाजूने विचारीन. ती पुढे जाऊन बेटावरच्या लोकांना उघडपणे सांगते की हा बेट बुडवणार आहे, पळा. त्या क्षणी जिरली. लुफीचं रबर नंतर.

---

कोकणी_काजू | शनिवार, रात्री ११:२०

निळी_शाई +१००. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा ना ताई.

---

पोथीवाला | रविवार, सकाळी ७:५०

सुप्रभात मंडळी. ही चित्रकथा मला नातवाने दाखवली. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायला वेळ गेला, पण एनेल वाचून भागवताचा दशम स्कंध आठवला.

आपल्याकडे देव म्हणवून घेणारे तीन प्रकारचे. पहिला हिरण्यकशिपू. ह्याने तप केलं, वर मिळवला, त्याच्या माजाला निदान कष्टाचं तारण आहे. दुसरा वेन राजा. ह्याने यज्ञ बंद पाडले, म्हणाला आहुती मलाच द्या. ऋषींनी त्याला नुसत्या हुंकाराने मारला. तिसरा माझा आवडता, पौंड्रक. करूष देशाचा राजा. भोवतालचे खुशमस्करे म्हणाले, महाराज, खरे वासुदेव तुम्हीच. ह्याला पटलं! खोटं शंख-चक्र लावलं, खोटा कौस्तुभ घातला, आणि कृष्णाकडे दूत पाठवला की तू माझी चिन्हं टाकून दे. द्वारकेच्या सभेत लोक पोट धरधरून हसले.

एनेल मला वेन आणि पौंड्रक ह्यांच्या मधला वाटतो. पाठीवर जे चार ढोल आहेत ते जपानच्या गर्जनादेवाचे, रायजिनचे. क्योटोच्या केन्निन-जी मंदिराच्या पडद्यावर सोतात्सु ह्या चित्रकाराने सतराव्या शतकात रंगवलेला रायजिन बघा, भोवती ढोलांचं कडं आहे. आणि कानाच्या पाळ्या छातीपर्यंत लोंबणाऱ्या, बुद्धमूर्तीसारख्या. वेरूळला गेलात तर दहाव्या लेण्यातल्या बुद्धाचे कान जरूर बघा. म्हणजे ढोल एकाकडून उचलले, कान दुसऱ्याकडून. हे झालं पौंड्रकाचं काम. फरक इतकाच की ह्याची वीज खरी आहे.

---

खारीक | रविवार, सकाळी ९:१२

आजोबा, प्रतिसाद जबरी. पण मग हिरण्यकशिपूच्याच मुद्द्यावर माझी बाजू पक्की होते. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना पशू. वरातली फट शोधून नरसिंह आला. तिथे फट *शोधली*. लुफीला तर वीज म्हणजे काय लागतं हेच कळत नव्हतं, वेड्यासारखा उभा होता.

---

पोथीवाला | रविवार, सकाळी ९:४०

तेच तर. नरसिंहाला वर ठाऊक होता म्हणून तिथे हसू येत नाही, भीती वाटते. इथे दोघांनाही काही ठाऊक नाही, म्हणून हसू येतं. रस वेगळा आहे हो.

---

हिरवा_कंदील | रविवार, दुपारी १२:०५

मी तेव्हा कंपनीच्या कामाने योकोहामाला होतो, २००३ साली. जपानी नवीन शिकत होतो आणि 'जंप' हा माझा क्लासच होता, कारण त्यात प्रत्येक कान्जीच्या (जपानी चित्राक्षराच्या) बाजूला बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो. शाळकरी पोरांसाठी असतो तो, माझ्यासारख्या ढ विद्यार्थ्यालाही चालायचा. टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाडजूड अंक, रद्दीसारखा रंगीत कागद, वाचून झाला की लोक स्टेशनवरच टाकून जायचे.

ते सांगायचं कारण: तुम्ही एनेल सलग वाचलात. दर आठवड्याला वाचणाऱ्याला त्याचा माज वेगळाच बाधतो. आठवडाभर थांबायचं, एकोणीस-वीस पानं मिळायची, त्यात हा गेल्या वेळेसारखाच आणखी एकाला लोळवून हसत बसलेला. पुढच्या आठवड्यात आणखी एक. ऑफिसातला माझ्या शेजारचा शांत माणूस, जो कधी कोणावर आवाज चढवायचा नाही, तो जेवणाच्या सुट्टीत अंक मिटून म्हणायचा, "अजून हसतोच आहे." तो खरंच वैतागलेला असायचा.

अंकात एक पोस्टकार्ड असतं. आवडत्या तीन मालिका लिहून पाठवायच्या, त्यावरून संपादकांना कुठली मालिका किती चालतेय ते कळतं. त्यामुळे तिथला लेखक खलनायकाला किती काळ उंडारू द्यायचं ह्याचा हिशेब रोज करत असणार. वाचक कंटाळण्याआधी एक आठवडा आणि चिडल्यानंतर एक आठवडा, त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी ते तोंड टाकावं लागतं. ओदाने वेळ अचूक साधली होती. त्या सोमवारी तो शेजारचा माणूस माझ्यासमोर ते पान उघडून धरून उभा राहिला. बोलला काहीच नाही.

---

कोकणी_काजू | रविवार, दुपारी १२:३०

हिरवा_कंदील, असलं अजून लिहा हो! वाचतेय.

माझा आवडता प्रसंग कुणी घेतला नाही म्हणून. एनेल सुरुवातीला भविष्य सांगतो की तीन तासांनी बेटावरच्या ह्या जगण्या-मरण्याच्या खेळात फक्त पाच जण उरतील. तीन तास होतात, बघतो तर उरलेत सहा. आता देवाचं भाकीत खोटं कसं पडेल? तर हा म्हणतो, एक जण कमी करावा लागेल, कोण जातंय? आणि झोरो, रॉबिन, वायपर, गान फॉल सगळे एकदम शस्त्रं त्याच्याकडे रोखून म्हणतात, तू जा. =))

लुफीच्या टोळीतली नामी तेवढी मागे थरथरत उभी. तीच पुढे त्याच्या जहाजावर "मी येते तुमच्याबरोबर" म्हणून जाते. घाबरून गेली म्हणून तिला नावं ठेवणारे बरेच भेटलेत मला. अहो, जिवंत राहिली म्हणून तर सगळी गोष्ट पुढे सरकली.

---

वीजमीटर | रविवार, दुपारी १:१०

त्याच लढाईत वायपर त्याच्या छातीवर रिजेक्ट डायल (जबर धक्का देणारा शिंपला) लावून त्याचं हृदय बंद पाडतो आणि हा मेलेल्या अवस्थेत स्वतःलाच शॉक देऊन उठतो. स्वतःचा डिफिब्रिलेटर स्वतःच. माजाला कारण आहे की नाही?

---

शेवटचं_पान | रविवार, सायंकाळी ५:२५

उशिरा आलो. धाग्याच्या मूळ प्रश्नाबद्दल.

एनेल मूर्ख नाही, त्याचं जग लहान आहे. बिर्का नावाच्या ढगावरच्या गावात जन्मला, ते स्वतःच नष्ट केलं, मग स्कायपियात येऊन गान फॉलला हाकलून त्याच्या जागेवर बसला. म्हणजे एका ढगावरून दुसऱ्या ढगावर. खाली निळ्या समुद्रात काय काय चाललंय त्याची त्याला खबर नाही आणि उत्सुकताही नाही. आपल्याकडे कूपमंडूक म्हणतात, हा विहीर घेऊन आकाशात बसलेला. ओदाने वाचकांच्या प्रश्नोत्तरात सांगितलंय की हा खाली असता तर त्याच्यावर ५० कोटी बेरीचं (तिथलं चलन) इनाम लागलं असतं. तेव्हा लुफीवर १० कोटी होतं. म्हणजे ताकदीचा माज रास्त आहे. "मी सगळं जाणतो" हा माज पोकळ आहे, आणि रबर नेमकं तिथे लागतं.

म्हणून खारीक ह्यांना: रबर हा योगायोग नाही. सोपं, फालतू, खालच्या जगात कुठेही मिळणारं काहीतरी हवं होतं, जे देवाच्या यादीत नाही. फळाची शक्ती बंद पाडणाऱ्या समुद्र-दगडाने हरला असता तर ते लष्करी डावपेच झाले असते.

जिरली का? माझ्या मते नाही, आणि जिरवायचा ओदाचा इरादाही नव्हता. लुफी त्याला धडा शिकवायला वर जातच नाही. त्याला घंटा वाजवायची असते. खाली क्रिकेट नावाचा एक म्हातारा बसलाय, ज्याच्या पूर्वजाला चारशे वर्षं लोक खोटारडा म्हणतायत, त्याला ऐकू जावं की सोन्याचं शहर होतं म्हणून. एनेल आणि घंटा एका रेषेत आले, म्हणून ठोसा एनेलला लागला. एवढ्या गर्विष्ठ माणसाचा ह्याहून मोठा अपमान काय असेल, की त्याला हरवणं हे कुणाचं मुख्य कामच नव्हतं?

---

पानपलट्या | रविवार, सायंकाळी ६:०२

शेवटचं_पान, हे मला धाग्यात लिहायचं होतं आणि जमत नव्हतं. घंटेचा मुद्दा एकदम पटला.

पण अपमान झाला हे *त्याला* कळलं का? प्रकरण ४२८ ते ४७४च्या मुखपृष्ठांवर त्याच्या चंद्रावरच्या उचापती आहेत. चिमुकले यंत्रशिपाई भेटतात, अवकाशातले चाचे भेटतात, जमिनीखाली जुनं शहर सापडतं, भिंतींवर पंखवाल्या लोकांची चित्रं. हा सगळीकडे वीज सोडतो आणि बंद पडलेले शिपाई उठून त्याच्यासमोर रांगेत उभे. शेवटी एनेल खूश. नवा मुलूख, नवे भक्त, आणि पृथ्वीकडे पाठ. लुफीची आठवण काढल्याचं कुठे दिसत नाही.

---

निळी_शाई | रविवार, सायंकाळी ६:३०

नाही का! ज्यांनी त्याला घाबरायचं सोडलं त्यांना सोडून तो अशा शिपायांकडे गेला ज्यांना घाबरायचं की नाही हे ठरवताच येत नाही. वीज दिली की उठतात. कोनिससारखी एकही नाही तिथे. बेटावर परत गान फॉल देवाच्या पदावर बसला आणि भोपळे लावायच्या गोष्टी करू लागला. मला विचाराल तर त्याला बरोबर जागी धाडलाय.

---

खारीक | रविवार, सायंकाळी ७:१५

सगळे मिळून मला घेरलंत. घंटेचा मुद्दा चांगला आहे, कोनिसचा त्याहून चांगला, तरी माझं म्हणणं तेच. लढाई म्हणून क्रोकोडाइल सरस. त्याचा माज वाळवंटात पाण्याच्या एका पिंपाने उतरला, आणि ते पिंप लुफीने पाठीवर वाहून आणलं होतं. क्रोकोडाइलचा वेगळा धागा काढतोय, तिकडे या भांडायला.

---

कोकणी_काजू | रविवार, सायंकाळी ७:१८

आले. आधी लिंक द्या.